नॉर्मन लिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्मन लिअर म्हणजे नेमका कोण?

अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचा लेखक आणि निर्माता. जन्म २७ जुलै १९२२, न्यू हेवन, कनेक्टिकट. मृत्यू ५ डिसेंबर २०२३, लॉस एंजेलिस. म्हणजे एकशे एक वर्षं जगला, आणि त्यातली बरीचशी वर्षं कुणाशी ना कुणाशी भांडण्यात गेली: वाहिनीशी, नटांशी, सरकारी नियमांशी, धर्माच्या नावावर राजकारण करणाऱ्यांशी. 'ऑल इन द फॅमिली', 'मॉड', 'गुड टाइम्स', 'द जेफरसन्स' ही त्याची ठळक नावं. घरातली माणसं दिवाणखान्यात बसून राजकारण, वंश, धर्म, गर्भपात यांवर तावातावाने बोलतात आणि आपण हसता हसता गप्प होतो, हा प्रकार अमेरिकन टीव्हीवर रुजवला तो मुख्यतः याने.

त्याच्या लहानपणाविषयी एवढं का बोललं जातं?

कारण त्याच्या मालिकांचा कच्चा माल तिथलाच आहे.

वडील हर्मन, सगळे एच. के. म्हणत. मोठमोठ्या बाता मारणारा माणूस. पुढच्या आठवड्यात आपण लखपती होणार यावर त्याचा कायम विश्वास. नॉर्मन नऊ वर्षांचा असताना खोटे रोखे विकल्याच्या गुन्ह्यात वडिलांना अटक झाली आणि ते तुरुंगात गेले. आईने घरातलं सामान विकायला काढलं. त्यात वडिलांची लाल चामड्याची खुर्ची होती, जिच्यात बसून ते रेडिओचं बटण आपल्या ताब्यात ठेवत. कुणीतरी ती खुर्ची विकत घेत होतं, आणि त्याच वेळी आलेल्या एका गृहस्थाने पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की बाळा, आता या घरातला कर्ता पुरुष तू. नऊ वर्षांच्या पोराला! हा प्रसंग लिअर आयुष्यभर सांगत राहिला. माणसं किती गंभीर चेहऱ्याने किती मूर्खपणा करू शकतात, हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं त्याचं म्हणणं.

पुढची काही वर्षं त्याने आजी-आजोबा आणि नातेवाइकांकडे काढली. त्याच सुमारास घरी बनवलेल्या क्रिस्टल रेडिओवर त्याने फादर कॉगलिन या धर्मगुरूची ज्यूद्वेषी भाषणं ऐकली. आपण ज्यू आहोत म्हणून आपला तिरस्कार करणारी माणसं या देशात आहेत, हे त्याला असं हेडफोनमधून कळलं.

विनोद लिहायला तो कसा लागला?

अगदी सरळ वाटेने नाही. त्याचा एक काका, जॅक, प्रसिद्धीचं काम करायचा. भेटला की पुतण्याकडे पाव डॉलरचं नाणं उडवायचा. पोराच्या डोक्यात एवढंच बसलं, की मोठेपणी आपल्यालाही असा नाणं उडवणारा काका व्हायचंय. म्हणून तो आधी प्रसिद्धीच्याच धंद्यात शिरला.

त्याआधी वक्तृत्व स्पर्धेत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजात गेला, १९४२ मध्ये शिक्षण सोडून सैन्यात भरती झाला आणि बी-१७ बॉम्बफेकी विमानात रेडिओ ऑपरेटर व गनर म्हणून इटलीतून ५२ मोहिमा केल्या.

युद्धानंतर लॉस एंजेलिसला आला. तिथे चुलतबहिणीचा नवरा एड सिमन्स भेटला. दोघं दारोदार फिरून फर्निचर आणि कौटुंबिक फोटो विकत. एका संध्याकाळी दोघांच्या बायका सिनेमाला गेल्या होत्या. घरी बसलेल्या या दोघांनी एका गाण्याचं विडंबन रचलं, त्याच रात्री बाहेर पडले आणि विकून आले. दिवसभर वणवण करून जेवढं मिळायचं त्यापेक्षा हे सोपं होतं.

पुढचा किस्सा तर त्याच्या वडिलांना शोभला असता. डॅनी थॉमस या बड्या विनोदी नटापर्यंत पोचायचं होतं. लिअरने त्याच्या एजंटच्या ऑफिसात फोन केला, आपण न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर आहोत अशी थाप मारली आणि थॉमसचा नंबर मिळवला. थॉमसने स्किट घेतलं. त्या जोरावर टीव्हीत शिरकाव झाला आणि थोड्याच काळात ही जोडी डीन मार्टिन आणि जेरी लुइस या लोकप्रिय विनोदी जोडीसाठी लिहू लागली.

'ऑल इन द फॅमिली' ही त्याची मूळ कल्पना का?

नाही, आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. बीबीसीवर जॉनी स्पाइटची 'टिल डेथ अस डू पार्ट' चालू होती: एक आडमुठा, वंशद्वेष्टा सासरा आणि समाजवादी जावई एकाच घरात. लिअरला तिच्याविषयी कळलं आणि त्याच्या लक्षात आलं, की अरे, हे तर मी आणि माझा बाप! त्याने हक्क घेतले.

मात्र आत जे भरलं ते स्वतःच्या घरातलं. मालिकेतला सासरा आर्ची बंकर बायकोला, एडिथला, 'स्टायफल' म्हणजे 'तोंड बंद' म्हणतो, तो शब्द एच. के. यांचा. लिअरचे वडील त्याला 'गोऱ्या पोरांमधला सगळ्यात आळशी' म्हणत. मला आळशी म्हणायला अख्ख्या दुसऱ्या वंशाला कशाला शिव्या देता, असं पोराने विचारलं की 'सगळ्यात मठ्ठ'ही म्हणत. हे भांडण जवळजवळ जसंच्या तसं मालिकेत आलं आहे. आणि आर्चीची खुर्ची. तिच्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही. ती कुठून आली हे सांगायला नकोच.

मालिका लगेच स्वीकारली गेली?

छे. एबीसी वाहिनीसाठी १९६८ आणि १९६९ असे दोनदा पायलट म्हणजे नमुन्याचे भाग झाले. आर्ची म्हणून कॅरल ओ'कॉनर आणि एडिथ म्हणून जीन स्टेपलटन दोन्हीत होते; मुलगी आणि जावई दोन्ही वेळा वेगळे. एबीसीने दोन्ही वेळा नकार दिला. मग सीबीएसने घेतली, मुलगी-जावयाच्या भूमिकांत सॅली स्ट्रदर्स आणि रॉब रायनर आले आणि जवळपास तीच संहिता तिसऱ्यांदा उभी राहिली. तीन वर्षं एकच भाग हातात घेऊन फिरणारा लेखक एखादी ओळ तरी बदलेल असं वाटतं. याने हट्टाने बदलली नाही.

पहिल्या भागाच्या वेळी म्हणे एका ओळीवरून भांडण झालं होतं?

झालं, आणि लिअर समजून घ्यायचा तर हे भांडण समजून घ्यायला हवं.

रविवारची सकाळ. आर्ची आणि एडिथ चर्चला गेलेत. घरी तरुण नवरा-बायको एकटेच. म्हातारा-म्हातारी अनपेक्षित लवकर परततात, वरच्या मजल्यावरून ही दोघं गडबडीने खाली येतात. काय चाललं होतं ते आर्चीला कळतं आणि तो वैतागून वेळ सांगतो: रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी! एवढंच. ना शिवी, ना अश्लील शब्द.

वाहिनीचं म्हणणं: प्रसंग राहू दे, ही ओळ काढा. या ओळीमुळे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. लिअरचं म्हणणं: तेच तर काम आहे ओळीचं. तो म्हणाला, ओळ काढून भाग दाखवलात तर मी उद्या येणार नाही. प्रक्षेपणाच्या दिवसापर्यंत ताणाताणी चालली. १२ जानेवारी १९७१ ला भाग लागला तेव्हा ओळ जागेवर होती.

फालतू गोष्टीवर एवढा अडून का बसला? कारण फालतू गोष्टीवर माघार घेतली, की पुढच्या प्रत्येक ओळीवर समोरचा कात्री घेऊन बसणार, हे तो ओळखून होता. लेखक म्हणून तो चांगला होता, पण माझ्या मते त्याची खरी असामान्यता निर्मात्याच्या खुर्चीत आहे. उत्तम विनोद लिहिणारे तेव्हा बरेच होते. ते जसेच्या तसे पडद्यावर पोचवणारे कमी.

त्या रात्री वाहिनीने भागाआधी एक सूचना दाखवली, की हा कार्यक्रम आपल्या पूर्वग्रहांवर विनोदाचा झोत टाकतो, ते किती हास्यास्पद आहेत हे दाखवण्यासाठी. तक्रारींचा पूर येईल म्हणून जादा टेलिफोन ऑपरेटरही बसवले होते. पूर काही आला नाही. प्रेक्षकही सुरुवातीला फार आले नाहीत. मे महिन्यातले एमी पुरस्कार आणि उन्हाळ्यातलं पुनःप्रक्षेपण यांनी गाडी रुळावर आणली. त्यानंतर सलग पाच हंगाम ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती.

सुरुवातीचं गाणं आर्ची आणि एडिथ पियानोपाशी बसून का म्हणतात?

पैसे नव्हते म्हणून. झगमगीत शीर्षकदृश्याऐवजी दोन नट, एक पियानो. गंमत म्हणजे शेवटच्या कडव्यातली जुन्या लासाल मोटारीची ओळ लोकांना कळेचना, ते काय म्हणतात असं विचारू लागले. शेवटी गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. नंतरच्या हंगामांत दोघं ती ओळ मुद्दाम एकेक शब्द तोडून म्हणतात, ते त्यामुळे.

मालिकेतला हशा खरा आहे का?

हो. मालिका फिल्मवर न घेता व्हिडिओ टेपवर, बऱ्याच कॅमेऱ्यांनी, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे नाटकासारखी घेतली जायची. एकाच संध्याकाळी दोन वेगळ्या प्रेक्षकांपुढे दोन प्रयोग, आणि मग दोन्हींतलं उजवं ते निवडून भाग तयार.

याचा परिणाम कान देऊन ऐका. डब्यातला, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला हशा सगळीकडे सारखा असतो. इथे हशा कधी उशिरा येतो, कधी अर्ध्यातच थांबतो, कधी आर्चीने भलतंच काही म्हटल्यावर आधी श्वास रोखल्याचा आवाज येतो आणि मग कुठूनतरी एकटाच कुणी फिसकन हसतो. नट त्यासाठी थांबतात. फेब्रुवारी १९७२ च्या भागात प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर स्वतः म्हणून आर्चीच्या घरी येतो आणि जाता जाता, फोटोचं बटण दाबलं जाताना, आर्चीच्या गालाचा मुका घेतो. तिथला हशा इतका लांबतो की आपणच दमतो.

आर्चीला हसतात की आर्चीबरोबर हसतात?

हा या सगळ्यांतला सगळ्यात अवघड प्रश्न. लिअरची भूमिका स्पष्ट होती: पूर्वग्रह उघड्यावर आणा, लोक हसतील, पूर्वग्रह लटके पडतील. पण १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुळात पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्चीच बरोबर वाटतो, वादात तोच जिंकतो असं वाटतं, असं त्यात दिसलं. त्याआधी १९७१ मध्येच लेखिका लॉरा हॉब्सन हिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये उलट्या बाजूने टीका केली होती: आर्चीच्या तोंडच्या शिव्या मुद्दाम सौम्य निवडल्या आहेत, त्यामुळे द्वेष गोंडस दिसतो.

माझं मत विचाराल तर टीका करणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. ओ'कॉनर इतका गोड काम करतो की आर्चीचा राग येतच नाही. पण राग येईल असा आर्ची लिहिला असता तर आर्चीसारख्यांनी ती मालिका पाहिलीच नसती, हेही तितकंच खरं. यातून लिअरला वाट सापडली नाही. कुणालाच सापडलेली नाही.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही मालिका पाहिली होती. आर्चीचा धिप्पाड, माजी खेळाडू मित्र समलिंगी निघतो, हा भाग पाहून ते मे १९७१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे बराच वेळ संतापाने बोलले. व्हाइट हाउसच्या टेपवर ते सगळं आहे.

कॅरल ओ'कॉनर आणि लिअर यांचं पटायचं का?

फारसं नाही. ओ'कॉनरला जवळजवळ प्रत्येक संहिता आधी वाईट वाटायची. स्वतः आयरिश वळणाचा, वाचलेला, उदारमतवादी माणूस; आर्चीची मोडकी भाषा त्याने घडवली आणि तिच्यावर तो हक्क सांगायचा. सगळ्यात मोठं भांडण लिफ्टच्या भागावरून. आर्ची लिफ्टमध्ये अडकतो, सोबत एक रुबाबदार कृष्णवर्णीय गृहस्थ आणि एक पोर्तो रिकन जोडपं. तिथेच त्या बाईचं बाळंतपण होतं. ओ'कॉनर म्हणाला, हे मी करणार नाही. वकील आले, बैठका झाल्या. अखेर भाग झाला, जानेवारी १९७२ मध्ये लागला. बाळ जन्मतं तेव्हा कॅमेरा आर्चीच्या चेहऱ्यावर आहे. बाळाचं रडणं ऐकू येतं आणि त्या चेहऱ्यावरचा एकेक स्नायू सैल होत जातो. ज्या नटाला तो भाग नकोच होता, त्याचं हे काम.

'मॉड'मधला गर्भपाताचा भाग नेमका कधीचा?

नोव्हेंबर १९७२, दोन भागांत. मॉड ही एडिथची मामे-चुलत कुठलीशी बहीण. बी आर्थरने ती एका भागापुरती केली आणि वाहिनीला लगेच तिची स्वतंत्र मालिका हवी झाली. सत्तेचाळीस वर्षांची, चार लग्नं केलेली मॉड गरोदर राहते आणि विचारान्ती गर्भपात करायचं ठरवते. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 'रो विरुद्ध वेड' निकाल जानेवारी १९७३ चा. म्हणजे हे त्याच्या दोन महिने आधी. न्यूयॉर्क राज्यात मात्र तेव्हा गर्भपात कायदेशीर होता आणि मॉड राहते ती न्यूयॉर्कमध्ये. संहिता सुझन हॅरिसची. पहिल्या वेळी इलिनॉयमधल्या दोन टीव्ही स्थानकांनी भाग दाखवला नाही. खरा गदारोळ पुढच्या उन्हाळ्यात पुनःप्रक्षेपणाच्या वेळी झाला. तोवर विरोधक संघटित झाले होते.

मॉडचा फटकळपणा बराचसा लिअरची तेव्हाची पत्नी फ्रान्सिस हिचा, असं तो सांगायचा.

कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या त्याच्या मालिकांवर टीका का झाली?

'गुड टाइम्स' १९७४ ची. शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं कुटुंब. निर्माण केलं एरिक मॉन्टी आणि माइक इव्हान्स या कृष्णवर्णीय लेखकांनी. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोलने घरात वडील हवेतच अशी अट घातली होती. पण थोरल्या मुलाचं पात्र त्याच्या एका तकियाकलामामुळे लोकप्रिय झालं, आणि मालिका हळूहळू त्याच्या माकडचेष्टांकडे झुकली. रोल आणि वडील झालेला जॉन एमॉस दोघांनी जाहीर नाराजी दाखवली. एमॉसला काढलं, त्याचं पात्र अपघातात मारलं. ही लिअरच्या कारकिर्दीतली मला न पटणारी गोष्ट आहे. नटाने योग्य तेच म्हटलं होतं.

लिअर सांगतो त्याप्रमाणे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेचे काही कार्यकर्ते त्याच्या ऑफिसात येऊन धडकले. टीव्हीवर काळा माणूस दाखवायचा तर तो तीन-तीन नोकऱ्या करून गरीबच का, असा त्यांचा सवाल. त्यातून 'द जेफरसन्स'ला जोर आला: धुलाईची दुकानं चालवून श्रीमंत झालेला, आर्चीइतकाच हेकट जॉर्ज जेफरसन, आता मॅनहॅटनच्या उंच इमारतीत. जानेवारी १९७५ ते १९८५, २५३ भाग. त्यांच्या शेजारी गोरा नवरा आणि काळी बायको असं जोडपं आहे. त्या बायकोच्या भूमिकेसाठी आलेल्या रॉक्सी रोकरला विचारलं, गोऱ्या माणसाची बायको व्हायला अवघड नाही ना वाटणार? तिने पर्समधून आपल्या नवऱ्याचा फोटो काढून दाखवला. नवरा गोराच होता.

हे सगळं त्याने एकट्याने लिहिलं?

शक्यच नाही. १९७४-७५ च्या हंगामात लोकप्रियतेच्या पहिल्या दहांत त्याच्या कंपनीच्या पाच मालिका होत्या. 'सॅनफर्ड अँड सन' तर मुख्यतः भागीदार बड यॉर्किनने सांभाळली. लिअर सगळीकडे फिरायचा: इथे तालीम बघ, तिथे शेवट बदल. लेखकांना तो सांगायचा, की घरी जा, बायकोशी काय भांडलात, पोरांनी काय विचारलं, ते घेऊन या. श्रेय आणि पैशावरून तक्रारीही झाल्या. एरिक मॉन्टीने दावा लावला, तो तडजोडीने मिटला.

'फॅमिली अवर'चा खटला काय होता?

१९७५ मध्ये संध्याकाळचा पहिला तास 'कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा' ठेवायचा नियम आला आणि 'ऑल इन द फॅमिली'ला तिच्या वेळेवरून उठवलं. नावातच फॅमिली असलेल्या मालिकेला! लेखकांच्या संघटनेसह लिअर कोर्टात गेला. १९७६ मध्ये न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी सरकारी दबावाने असा नियम लादणं घटनाबाह्य ठरवलं. पुढे वरच्या कोर्टाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो निकाल बाजूला सारला, पण तोवर नियमातला दम गेला होता.

त्याचं काही पडलं का?

भरपूर. 'हॉट एल बॉल्टिमोर', 'एके पाब्लो', आर्चीच्याच जुन्या घरात कृष्णवर्णीय कुटुंब आणून बसवलेली '७०४ हाउझर': सगळ्या काही आठवड्यांत गुंडाळल्या. उलट 'मेरी हार्टमन, मेरी हार्टमन' तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी नाकारली होती. ती त्याने १९७६ मध्ये एकेका स्थानकाला स्वतः विकली. आठवड्यातून पाच रात्री, हशाविना. शेजारी खून झालेत आणि बाईला काळजी आपल्या फरशीवर चढलेल्या मेणाच्या पिवळ्या थराची.

पैसा किती मिळवला? आणि त्याचं केलं काय?

१९८५ मध्ये त्याने आणि भागीदार जेरी पेरेंचिओने कंपनी कोका-कोलाला ४८.५ कोटी डॉलरना विकली. त्याआधीच, १९८१ च्या सुमारास, टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांच्या राजकारणाविरुद्ध त्याने 'पीपल फॉर द अमेरिकन वे' ही संघटना काढली होती.

२००० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ मधली छापील प्रत ८१ लाख डॉलरना घेतली आणि देशभर फिरवली. ही प्रत कुणा माणसाला जुन्या बाजारात चार डॉलरना घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागे सापडली होती. लिअरने लिहिली असती तर लोक म्हणाले असते, फारच ओढूनताणून.

लग्नं, मुलं?

तीन लग्नं, सहा मुलं. थोरलीच्या आणि सगळ्यात धाकट्या जुळ्यांच्या वयात जवळपास पन्नास वर्षांचं अंतर.

ती पांढरी टोपी?

लिहिताना कपाळ आणि डोकं नखांनी कुरतडायची सवय होती. त्यावर उपाय म्हणून टोपी आली आणि ओळख होऊन बसली.

आर्चीची खुर्ची खरंच संग्रहालयात आहे?

आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये. मूळची जुन्या सामानाच्या दुकानातून काही डॉलरना आणलेली. १९७८ मध्ये आर्ची-एडिथच्या दोन्ही खुर्च्या संग्रहालयाला देऊन टाकल्या, आणि मग ठरलं की मालिका अजून चालू राहणार! तशाच खुर्च्या नव्याने बनवून घ्याव्या लागल्या, मुद्दाम जुनाट आणि झिजलेल्या दिसतील अशा. त्याला हजारो डॉलर लागले.

म्हातारपणी तो काय करत होता?

काम. २०१७ मध्ये त्याची जुनी मालिका 'वन डे अॅट अ टाइम' क्यूबन-अमेरिकन कुटुंबावर नव्याने आली. २०१९ मध्ये जुने भाग आजच्या नटांकडून थेट प्रक्षेपणात पुन्हा करून घेतले. त्यासाठी सत्त्याण्णवाव्या वर्षी त्याला एमी मिळाला, पुढच्या वर्षी पुन्हा.

पहिल्यांदा बघायचं तर कुठला भाग बघू?

सगळे लिफ्टचा किंवा सॅमी डेव्हिसचा सांगतील. मी 'टूज अ क्राउड' सांगेन, १९७८ चा. आर्ची आणि जावई माइक बारच्या कोठारात रात्रभर अडकतात. थंडी, प्यायला दारू, दुसरं काही नाही. आर्चीला चढते आणि तो बापाविषयी बोलू लागतो. बाप मारायचा. लहानपणी इतकी गरिबी, की एका पायात बूट आणि दुसऱ्यात वेगळंच पायताण घालून शाळेत जावं लागलं. पोरं 'शू-बूटी' म्हणून चिडवायची. माइक हळूच म्हणतो, तुझे वडील चुकले. आर्ची ते ऐकूनच घेत नाही. ज्याने आपल्यावर प्रेम केलं, आपल्याला पोसलं, तो बाप चुकीचा कसा असेल? बोलता बोलता तो झोपून जातो. आठ वर्षं ज्याच्याशी भांडला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर माइक पांघरूण घालतो आणि म्हणतो, गुड नाइट, शू-बूटी.